न झालेले गोल कसे मोजायचे? आइस हॉकीतला बचाव करणारा फॉरवर्ड आणि आकडे

गिरणाकाठ | जळगाव

टोरोंटो-बोस्टनकडे संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागतो. भाचा कॅल्गरीला शिकायला गेला तेव्हापासून मी एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली मोठी आइस हॉकी लीग, बघते आहे, तीन हंगाम झाले. मागच्या आठवड्यात फोनवर त्याच्याशी चांगलाच वाद झाला. फ्लोरिडाच्या अलेक्झांडर बार्कोव्हला 2021, 2024 आणि 2025 अशी तीनदा सेल्की ट्रॉफी मिळाली, म्हणजे बचावात सर्वांत सरस फॉरवर्ड तो. भाचा म्हणाला, "मावशी, गोल करणाऱ्याचे गोल मोजता येतात. बार्कोव्हने अडवलेले गोल मला मोजून दाखव." मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आणि तरीही त्या रात्री त्याला धड उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून तो प्रश्न डोक्यात बसला आहे, म्हणून हा धागा.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बर्फावर प्रत्येक संघाचे पाच जण आणि एक गोली, म्हणजे गोलरक्षक. पाचांत तीन फॉरवर्ड, दोन डिफेन्समन. पाऊण मिनिट जीव तोडून खेळायचं, मग बाकावर यायचं, दुसरी फळी आत जाते. त्या पाऊण मिनिटाला शिफ्ट म्हणतात. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. फॉरवर्डचं काम गोल करण्याचं, पण पक (खेळातली रबरी चकती) प्रतिस्पर्ध्याकडे गेला की त्याच तिघांनी जोरात मागे येऊन मधला रस्ता बंद करायचा असतो. हे काम सगळ्यांत चांगलं करणाऱ्याला सेल्की. 1978 साली पहिली सेल्की मॉन्ट्रियलच्या बॉब गेनीला मिळाली आणि पुढची तीन वर्षंही त्यालाच. गोल आणि असिस्ट (गोलाला कारण झालेला पास) मिळून एका हंगामात 50 गुण त्याने कधीच केले नाहीत, तरी तो संघाचा कणा होता. सर्वांत जास्त, सहा वेळा, ती बोस्टनच्या पॅट्रिस बर्जरॉनने जिंकली. मतदान हॉकीचे पत्रकार करतात.

पूर्वी पत्रकारांच्या हाताशी एकच आकडा असायचा, प्लस-मायनस. खेळाडू बर्फावर असताना आपल्या संघाने गोल केला तर अधिक एक, खाल्ला तर उणे एक. पॉवर प्लेवर, म्हणजे समोरच्यांचा माणूस शिक्षेमुळे बाहेर असताना, केलेला गोल यात धरत नाहीत. मॉन्ट्रियलचा संघ 1950च्या दशकात स्वतःपुरता हा हिशेब ठेवायचा, पुढे 1967-68च्या हंगामापासून लीगने तो अधिकृत केला. आता बघा, 1974-75 मध्ये वॉशिंग्टनचा नवा संघ 80 पैकी 8 सामने जिंकला आणि त्यांच्या बिल मिकेलसनच्या नावावर उणे 82 लागले. आजही तो नीचांक आहे. 1970-71 मध्ये बॉबी ऑरचे अधिक 124. ऑर थोर होताच, पण मिकेलसनला त्या बोस्टनच्या संघात घातलं असतं तर त्याचे उणे 82 राहिले असते का? हा आकडा माणसाचा कमी आणि त्याच्याभोवतीच्या चार जणांचा, गोलीचा, नशिबाचा जास्त आहे.

तर मग मोजायचं कसं? कुणी या खेळाचे नवे आकडे नीट वाचले असतील तर कृपया लिहा. खेळ माहीत नसेल तरी लिहा, प्रश्न फक्त हॉकीचा नाही.

केळीबाग | रावेर

ताई, हॉकी मी पाहिलेली नाही. पण हा प्रश्न माझ्या बांधावरचा आहे.

आमच्याकडे केळीच्या वाऱ्याच्या बाजूला शेवरी लावतात, कुणी गजराज गवत लावतं. शेवरीला घड येत नाही. ती पाणी पिते, जागा घेते. मे-जूनचं वादळ आलं की मात्र तिची किंमत कळते. एका वर्षी शेजारची बाग आडवी झाली, आमची बरीचशी उभी राहिली. वडील म्हणाले, शेवरीने वाचवलं.

मला तेव्हापासून हा हिशेब लागत नाही. शेजाऱ्याची बाग निसवलेली होती, घडाच्या वजनाने झाडं आधीच कललेली. आमची लागवड उशिराची, झाडं हलकी. त्याची जमीन वेगळी, ठिबकाची वेळ वेगळी. मग वाचवलं कुणी, शेवरीने की उशिराच्या लागवडीने? शेवरीने किती घड वाचवले ते मी कुठल्या वहीत लिहू? जे पडलं नाही ते मोजायला बाजार समितीत काटा नाही.

पळती | धुळे

मी शाळा-कॉलेजात खो-खो खेळले, म्हणून हे नाव. आमच्या खेळात बचाव थेट मोजतात आणि याचा मला अभिमान आहे. पेपरात बातमी येते तेव्हा खेळाडूच्या नावापुढे कंसात संरक्षणाची मिनिटं-सेकंद असतात आणि मग किती गडी टिपले ते. दोन्ही बाजू शेजारी शेजारी. दोन मिनिटं पळालेल्या मुलीने एकही गडी टिपला नाही तरी तिचं नाव छापून येतं.

हॉकीत असं घड्याळ का लावता येऊ नये? हा बर्फावर असताना किती वेळ समोरच्यांना काही करता आलं नाही, एवढंच लिहायचं.

गिरणाकाठ | जळगाव

पळतीताई, तुमच्या सूचनेवर दिवसभर विचार केला. खो-खोत पाठलाग एकीचा होतो, ती बाद झाली की घड्याळ तिच्या नावावर थांबतं. हॉकीत पाच जण एकत्र बचाव करतात, सहावा गोली. घड्याळ लावलं तर ते कुणाच्या नावावर थांबवायचं? कबड्डी मला याच्या जवळची वाटते. उजव्या कोपऱ्यात दांडगा पकडीवाला असला की चढाईवाला तिकडे फिरकतच नाही, डावीकडे पाय टाकून, बोनस मिळतो का बघून परततो. चढाई रिकामी जाते. कोपऱ्यातल्या त्या माणसाच्या नावावर काहीच चढत नाही. पकड करणाऱ्याला गुण आहे, धाक ठेवणाऱ्याला नाही.

केळीबागभाऊ, तुमची पोस्ट मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे. तुम्ही जे लिहिलंत त्यालाच आम्ही गोंधळ घालणारे घटक म्हणतो, आणि मुलांना ते समजावायला मला दोन तास लागतात.

फौजी_नाना | चाळीसगाव तालुका

राम राम. सतरा वर्षं फौजेत काढली, त्यातले दोन हिवाळे लेहला. तिथे करझूचं तळं गोठलं की त्यावर हॉकी चालते. मैदानाच्या कडेला लाकडी फळ्या नाहीत, गोलच्या मागे बर्फाचे ढीग, पण खेळ खरा. लडाख स्काउट्सची पोरं आणि आयटीबीपीवाले यांची चुरस बघताना हाताची बोटं बधिर व्हायची, तरी उठवत नसे. 2025च्या जूनमध्ये आपल्या मुलींनी अल ऐनला महिला आशिया चषकात कांस्य मिळवलं. त्यातल्या बहुतेक त्याच मातीतल्या, लडाख-स्पितीच्या. तो दिवस माझ्यासाठी सणासारखा गेला.

आता मुद्दा. आकड्यांना माझा विरोध नाही, पण तिथला एक सुभेदार आम्हाला खेळ बघायला शिकवायचा. तो म्हणायचा, पक बघू नका, पकपासून तिसऱ्या माणसाची स्टिक बघा. चांगला बचाव करणारा फॉरवर्ड धक्के मारत नाही. तो समोरच्याला कडेच्या फळीकडे ढकलत नेतो आणि स्टिकचं पातं बर्फावर अशा जागी ठेवतो की मधला पास द्यायचा धीरच होऊ नये. पास दिलाच नाही. कुणी अडवला, कुणी हिसकावला असं काहीच घडलं नाही. हे कुठल्या तक्त्यात येतं ते मला सांगा.

नंदुरबारकर

माले ते समजनं नही, म्हणजे नवे आकडे म्हणजे नेमके कोणते? मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, खेळ यूट्यूबवर थोडा पाहिला आहे. कुणी पहिल्यापासून सांगाल का?

आकडेवेडा | अमळनेर, सध्या पुणे

सांगतो. माझं रोजचं काम डेटाचं आहे आणि हॉकीचे आकडे हा गेल्या सहा-सात वर्षांचा नाद. जरा लांब होईल.

सुरुवात एका साध्या अडचणीपासून. हॉकीत गोल फार कमी होतात, एका संघाचे सामन्याला साधारण तीन. एवढ्या थोड्या घटनांवरून एका खेळाडूविषयी बोलायचं म्हणजे दोन पावसांवरून पावसाळा सांगण्यासारखं. गोलवर लागणारे फटके मात्र संघामागे तीसच्या आसपास असतात, आणि चुकलेले, वाटेत अडवलेले फटकेही धरले तर पन्नास-साठ. म्हणून लोकांनी गोल सोडून फटके मोजायला घेतले. याला कोर्सी म्हणतात. बफेलोच्या संघात जिम कोर्सी हे गोलींचे प्रशिक्षक होते. गोलीवर किती ताण पडतो ते बघायला ते फक्त गोलीने अडवलेले फटके न मोजता त्याच्या दिशेने आलेला प्रत्येक फटका मोजायचे. टिम बार्न्स नावाच्या ब्लॉगरने ती कल्पना खेळाडूंना लावली आणि कोर्सींचं नाव तिला दिलं. गोलीपर्यंत पोचण्याआधी वाटेत अडवलेले फटके वगळले की त्याला फेनविक म्हणतात, तेही मॅट फेनविक या कॅल्गरीच्या चाहत्याचं नाव. हे सगळं चाहत्यांनी घरी बसून केलेलं काम आहे. 2014च्या उन्हाळ्यात संघांनी त्यांच्यातल्या अनेकांना नोकऱ्या दिल्या. एरिक टुल्स्की हा रसायनशास्त्रातला डॉक्टरेट माणूस, फावल्या वेळात हॉकीवर लिहायचा. तो कॅरोलिनात गेला आणि 2024 मध्ये त्या संघाचा जनरल मॅनेजर झाला.

बचावासाठी याचा उपयोग असा: खेळाडू बर्फावर असताना तासाला समोरच्यांचे किती फटके आले ते बघायचं. इथे प्लस-मायनसचा मोठा रोग बरा होतो. गोली चांगला की वाईट याचा संबंध राहत नाही. आपला फॉरवर्ड उभा असताना गोलीने किती टक्के फटके अडवले हे बहुतेक वेळा नशिबावर असतं, त्यात फॉरवर्डचा हात फार थोडा.

पण सगळे फटके सारखे नसतात. निळ्या रेषेवरून, म्हणजे बचाव करणाऱ्यांचा भाग जिथे सुरू होतो तिथून, मारलेला आणि गोलीच्या पुढ्यातून मारलेला यांत जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून अपेक्षित गोल आले. प्रत्येक फटक्याचं अंतर, कोन, प्रकार, तो गोलीकडून परत आलेल्या पकवर होता का, वेगवान चालीतून होता का, हे बघून तसा फटका गोल होण्याची शक्यता काढायची आणि बेरीज करायची. बचाव करणाऱ्या फॉरवर्डची खरी कमाई इथे दिसते. काही जण फटके फारसे कमी करत नाहीत, पण ते सगळे लांबून आणि कडेने येतील अशी व्यवस्था करतात.

नाना, तुमचा तो न दिलेला पास इथेही पूर्ण येत नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. गोलच्या बरोबर मधून मैदान उभं चिरणारी एक रेषा कल्पा. स्टीव्ह व्हॅलिकेट या माजी गोलीने तिला रॉयल रोड नाव दिलं. तिच्या आरपार पास गेला की गोलीला एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकावं लागतं आणि गोलची शक्यता खूप वाढते. लीगच्या जाहीर नोंदीत फटका असतो, त्याच्या आधीचा पास नसतो. त्यामुळे आपल्याला मिळणाऱ्या अपेक्षित गोलांना तो पास दिसत नाही, आणि तो बंद करणारी स्टिक तर मुळीच नाही.

पळती | धुळे

मग अडवलेले फटके आणि हिसकावलेले पक तरी खेळाडूच्या नावावर लिहितातच ना? ते मोजले की झालं.

आकडेवेडा | अमळनेर, सध्या पुणे

तिथेच सगळ्यांत जास्त फसगत होते, ताई. जो फॉरवर्ड सामन्यात सारखे फटके अंगावर घेतो त्याच्या धैर्याला माझा नमस्कार. पण फटका अंगावर घ्यावा लागला याचा अर्थ पक समोरच्यांकडे होता, आपल्या भागात होता, आणि मारणाऱ्याला जागा मिळाली होती. उत्तम बचावात ती वेळच येत नाही. फटके अडवण्याची यादी खूपदा कमकुवत फळ्यांची यादी असते.

हिसकावलेले पक यांचा प्रश्न आणखी वेगळा. ती नोंद प्रत्येक स्टेडियममधले नोंदणीदार स्वतःच्या नजरेने करतात. एका ठिकाणी हात मोकळा, दुसरीकडे आखडता. घरच्या मैदानावरचा आकडा आणि बाहेरचा आकडा जुळत नाही. तरीही त्या आकड्याच्या टोकाला जी नावं येतात ती मला पटतात. डेट्रॉइटचा पावेल डॅट्स्युक वर्षानुवर्षं तिथे वर असायचा. 2008 ते 2010 सलग तीन सेल्की त्याने घेतल्या आणि त्याच काळात, 2006 ते 2009, सभ्य खेळाची लेडी बिंग ट्रॉफी सलग चार वेळा. हे दोन्ही पुरस्कार शेजारी ठेवून बघा. स्टिकने समोरच्याला अडकवून, हात धरून पक मिळवला तर दोन मिनिटांची शिक्षा होते आणि संघ चौघांवर येतो. डॅट्स्युक मागून येऊन फक्त पक उचलायचा. बचावाच्या हिशेबात शिक्षेचीही किंमत धरायला हवी, ती बरेच लोक विसरतात.

फेसऑफचंही (पंच दोघांमध्ये पक टाकून खेळ सुरू करतो ते) तसंच. सेल्कीच्या चर्चेत फेसऑफ जिंकण्याची टक्केवारी हमखास येते. पण एका फेसऑफची किंमत मोजली तर ती फार लहान निघते, एका गोलाइतकी भर पडायला डझनावारी जास्तीचे फेसऑफ जिंकावे लागतात. आणि हा आकडा सेंटरलाच, म्हणजे मधल्या फॉरवर्डलाच मिळतो, कडेचा विंगर कोरडा राहतो. 2003 मध्ये डॅलसच्या येरे लेहटिनेनने सेल्की जिंकली, त्यानंतर एकाही विंगरला ती मिळालेली नाही. मार्क स्टोन हा विंगर 2019 मध्ये दुसरा आला. मतदारांच्या डोळ्यांवर फेसऑफची पट्टी आहे असं माझं ठाम मत आहे.

फौजी_नाना | चाळीसगाव तालुका

स्टोनबद्दल बोललात, बरं वाटलं. त्याची स्टिक बघत राहावी.

पण माझी एक शंका. आघाडी असताना शेवटच्या पाच मिनिटांत प्रशिक्षक कुणाला पाठवतो? जो भरवशाचा त्याला. तेव्हा समोरचा संघ सगळं पणाला लावून मारत सुटलेला असतो. त्यांचा गोलीसुद्धा बाहेर काढून सहावा माणूस आत येतो. फटके खाणार कोण? तोच भरवशाचा माणूस. तुमच्या कोर्सीत तो वाईट दिसणार. सीमेवरच्या चौकीत जास्त गोळ्या झेलल्या म्हणून चौकी कमजोर म्हणायची का?

गिरणाकाठ | जळगाव

नाना, हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि मी गेले चार दिवस नेमकं तेच वाचते आहे. मला समजलं ते लिहिते, चुकलं तर आकडेवेडा दुरुस्त करतील.

पहिलं, पाच विरुद्ध पाच एवढाच वेळ धरतात, गोली बाहेर असतानाचा वेळ बाजूला काढतात. दुसरं, गुणफलकाचा परिणाम. मागे पडलेला संघ जास्त फटके मारतो, पुढे असलेला मागे सरून बसतो, हे वर्षानुवर्षं दिसलेलं आहे. म्हणून एका गोलाने पुढे असताना खाल्लेल्या फटक्याचं वजन कमी धरतात. तिसरं, शिफ्ट कुठून सुरू झाली, आपल्या गोलजवळच्या फेसऑफपासून की समोरच्यांच्या. चौथं, समोर कोण होतं आणि सोबत कोण होतं.

आता केळीबागभाऊंच्या शेवरीकडे येते, कारण मला ही पद्धत त्यांच्यामुळे समजली. भाऊ, तुमचा एक शेजारी आणि एक वादळ एवढ्यावर शेवरीची किंमत निघणार नाही. पण समजा रावेर-यावलमधल्या हजार बागांची वही असेल. प्रत्येक ओळीत एक बाग आणि एक वादळ. रकाने असे: शेवरी होती की नव्हती, बाग निसवलेली होती का, जमीन कशी, वाऱ्याचा जोर किती. शेवटी किती झाडं पडली. काही बागा निसवलेल्या आणि शेवरीवाल्या, काही निसवलेल्या आणि उघड्या, काही लहान आणि उघड्या. एवढं वैविध्य असेल तर प्रत्येक कारणाचा वाटा वेगळा काढता येतो. हॉकीत प्रत्येक शिफ्टचा तुकडा म्हणजे एक ओळ. एका हंगामात 1,312 सामने, म्हणजे अशा ओळी लाखांत. रकान्यांत खेळाडूंची नावं: हा बचावाला होता, हा नव्हता. गुणफलक, सुरुवातीची जागा, घरचं मैदान यांचेही रकाने. आणि उत्तराच्या रकान्यात त्या तुकड्यात समोरच्यांना मिळालेले अपेक्षित गोल. यावर रिज रिग्रेशन चालवतात. ही पद्धत बास्केटबॉलमधून आली. ज्याच्याविषयी पुरावा थोडा त्याला ती सरासरीकडे ओढून धरते, उगाच कुणाला डोक्यावर घेत नाही.

भाच्याला मी काल हे सांगितलं. तो गप्प ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे बार्कोव्हने काय केलं हे तू मोजत नाहीस. तो असताना बाकीच्यांचं काय झालं हे मोजतेस." मला वाटतं त्याला माझ्यापेक्षा लवकर कळलं.

आकडेवेडा | अमळनेर, सध्या पुणे

मॅडम, अगदी बरोबर समजावलंत. एकच भर घालतो आणि ती बार्कोव्हच्याच बाबतीत अडचणीची आहे.

2025 च्या सेल्कीचे अंतिम तिघे आठवा: बार्कोव्ह, टॅम्पाचा अँथनी सिरेली आणि सॅम राइनहार्ट. राइनहार्ट फ्लोरिडाचाच, बार्कोव्हच्याच फळीतला विंगर. दोघे बहुतेक शिफ्टना सोबत असतात. आता तुमच्या वहीत दोन रकाने जवळजवळ सारखे भरलेले. ज्या ज्या बागेत शेवरी आहे त्याच बागांत गजराज गवतही आहे, मग वारा कुणी अडवला? रिग्रेशनला तिथे हात टेकावे लागतात. ते श्रेय दोघांत वाटून टाकतं. ती वाटणी खरी असेलच असं नाही. दोघे वेगवेगळे खेळले ती थोडी मिनिटं, कुणाच्या दुखापतीमुळे किंवा प्रशिक्षकाने फळी मोडल्यामुळे, तीच खरी साक्ष देतात. म्हणून एका हंगामाच्या आकड्यावर मी कधी पैज लावत नाही. तीन हंगाम एकत्र घेतले तर जरा धीर येतो. फॉरवर्डचा बचावातला परिणाम आक्रमणातल्या परिणामाहून लहान असतो आणि वर्षागणिक जास्त हलतो. डिफेन्समन, गोली, प्रशिक्षकाची रचना, सगळ्यांचा हात त्यात असतो.

नंदुरबारकर

आता बरंच समजलं. मग एक विचारतो. बार्कोव्हचा गुडघा सप्टेंबर 2025 मध्ये सरावात दुखावला आणि शस्त्रक्रिया झाली, असं वाचलं. म्हणजे शेवरी उपटली गेली. आता फ्लोरिडाला किती जास्त गोल बसतात ते बघितलं की भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही का?

केळीबाग | रावेर

मीही हेच विचारणार होतो.

गिरणाकाठ | जळगाव

मलाही पहिल्यांदा असंच वाटलं आणि मी मागचा हंगाम व हा हंगाम शेजारी मांडायला बसले. मग हात थांबला. फ्लोरिडाचाच मॅथ्यू टकाचकही ऑगस्टमधल्या शस्त्रक्रियेमुळे हंगामाच्या सुरुवातीला नव्हता. दोन वर्षं सलग, 2024 आणि 2025, स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकताना हा संघ जूनपर्यंत खेळला, इतरांना मिळाली ती विश्रांती त्यांना मिळाली नाही. आणि बार्कोव्हची जागा रिकामी राहत नाही, खालच्या फळीतला एक जण वर येतो, त्याच्या जागी आणखी एक. शेवरी उपटली त्याच वर्षी ठिबक बंद पडलं, जमीन थकलेली आणि लागवडही बदलली. फरक दिसला तरी सगळा शेवरीच्या नावावर लावणं अन्यायाचं होईल, आणि दिसला नाही तर शेवरी निरुपयोगी होती असं म्हणणंही. वहीत त्या ओळी जाऊ द्या, त्या मोलाच्या आहेत. पण त्या हजारातल्या काही ओळी आहेत.

फौजी_नाना | चाळीसगाव तालुका

तुमची पद्धत मला पटली. चौकीचं उत्तर मिळालं. पण सुभेदाराची तिसरी स्टिक अजून बाहेरच राहिली. शेवटचा निकाल तुम्ही मोजता, तो कसा घडला ते नाही. पोराला शिकवताना "तू असताना अपेक्षित गोल कमी होतात" असं सांगून तो काय शिकणार?

आकडेवेडा | अमळनेर, सध्या पुणे

नाना, याच कारणासाठी काही लोक सामने पुन्हा पुन्हा बघून हाताने नोंदी करतात. कोरी श्नाइडर नावाचा एक गृहस्थ वर्षानुवर्षं हे करतो आहे. निळी रेषा ओलांडून आपल्या भागात पक कसा आला, हे तो लिहितो. स्टिकवर खेळवत आणला की नुसता आत फेकून त्याच्यामागे धावले. टुल्स्की आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दाखवून दिलं की खेळवत आणलेल्या प्रवेशातून फेकलेल्या प्रवेशाच्या दुपटीहून जास्त फटके निघतात. म्हणजे बचावाची अर्धी लढाई निळ्या रेषेवर आहे. मागून जोरात परत येणारा फॉरवर्ड समोरच्याला पक फेकायला भाग पाडतो, कारण त्याच्या भरवशावर आपला डिफेन्समन पुढे उभा राहू शकतो. हे मोजता येतं, आणि पोराला शिकवताही येतं.

लीगने आता पकमध्ये आणि जर्सीत सेन्सर बसवले आहेत, 2021-22 पासून ते नियमित चालू आहे. प्रत्येकाची जागा सेकंदाला अनेक वेळा नोंदली जाते. वेग आणि अंतराचे काही आकडे ऑक्टोबर 2023 पासून सगळ्यांना खुले आहेत, पण पूर्ण नोंदी संघांकडेच राहतात. त्या मिळाल्या तर तिसरी स्टिक नसली तरी तिसऱ्या माणसाची जागा तरी आपल्याला दिसेल.

पळती | धुळे

तोवर आपणच का नाही लिहायचं? मी खो-खोच्या जिल्हा स्पर्धांना गुणलेखक म्हणून बसलेली आहे, सेकंदाची नोंद कशी ठेवतात ते मला येतं. चौघं-पाच जण मिळून एक सामना वाटून घेऊ.

गिरणाकाठ | जळगाव

हे मला फार आवडलं. मी तयार आहे. रविवारच्या पहाटेचा सामना घेऊ, मुद्दाम बार्कोव्ह नसलेला, म्हणजे आधीचं मत आड येणार नाही. प्रत्येकाने एकच फॉरवर्ड निवडायचा आणि पक कुठेही असला तरी त्याच्यावरच नजर ठेवायची. वहीत पाच रकाने आखते: शिफ्टची वेळ, गुणफलक, समोरच्यांचा प्रवेश खेळवत की फेकून, आपला माणूस त्या वेळी निळ्या रेषेच्या आत होता की बाहेर, आणि त्या प्रवेशातून फटका निघाला का. नंदुरबारकर, तुम्ही पहिल्या वीस मिनिटांना याल का? दोघांनी एकाच खेळाडूची नोंद वेगवेगळी ठेवायची आणि नंतर ताडून बघायची. नोंदणीदारांच्या नजरेत किती फरक पडतो तेही त्यातून कळेल.

नंदुरबारकर

येतो. वही आजच आखतो.

फौजी_नाना | चाळीसगाव तालुका

मीही येतो, पण पाच रकान्यांवर माझं समाधान नाही. सहावा आखा. समोरचा पक घेऊन निळ्या रेषेपर्यंत आला, आपल्या माणसाची स्टिक बघितली आणि आत न शिरता मागे वळला, याची खूण त्यात करायची. तुमच्या तिसऱ्या रकान्यात प्रवेश झाला तरच काही लिहिलं जाईल. तो झालाच नाही, तर ती ओळ कुणी लिहिणार?

गिरणाकाठ | जळगाव

आखला, नाना. त्याला नाव दिलंय "परतला". आणि तो सहावा न ठेवता पहिला ठेवलाय.